जागेवरचे देव आणि प्रवासी देव : प्राचीन धर्म व संस्कृतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात कुशावती नदीच्या काठी, रिवणपासून जवळच असलेल्या उसगाळीमळ येथे पाहुण्यांना कातळावरची कोरीव चित्रे दाखवायला नेले, की पहिली दहा मिनिटे सगळे गप्प असतात आणि मग प्रश्न सुरू होतात. पायाखालच्या वळूपासून निघालेली चर्चा बघता बघता सुमेर, मिसर, मोहेंजोदडो आणि वेदांपर्यंत जाऊन पोहोचते, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा आपल्या गावच्या सातेरी देवीवर येऊन थांबते. त्या वाटेवर पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

धर्माची सुरुवात नेमकी केव्हा झाली?

श्रद्धेचा सांगाडा जमिनीत सापडत नाही. सापडतात ती माणसाने श्रद्धेपोटी केलेली कामे, आणि त्यांतले सर्वांत जुने काम म्हणजे मृताला जपून पुरणे. आजच्या इस्रायलमधील काफझेह गुहेत सुमारे ९०,००० ते १,००,००० वर्षांपूर्वीची माणसांची दफने मिळाली असून तेथे गेरूचा वापर झालेला दिसतो. रशियातील सुंगीर येथे ३०,००० वर्षांहूनही जुन्या दफनांत मृतांच्या अंगावर हस्तिदंताचे हजारो मणी होते. एकेक मणी घासून तयार करायला लागणारा वेळ मोजला, तर त्या समाजाने मेलेल्या माणसांसाठी किती महिन्यांचे श्रम खर्ची घातले असतील याची कल्पना येते. पोटाला काहीही न देणारे एवढे काम लोक करतात, तेव्हा मरणानंतरही नाते उरते अशी काहीतरी समजूत त्यांच्या मनात असली पाहिजे. यापुढे जाऊन त्या समजुतीला नाव देणे, तिला देव आणि मंत्र चिकटवणे, हे मात्र आपल्या मनचे मांडे ठरतील.

आधी शेती आली की आधी देऊळ?

शाळेत शिकवला गेलेला क्रम असा होता : आधी शेती, मग गाव, मग नगर, आणि पोट भरल्यावर देऊळ. आग्नेय तुर्कस्तानातील शान्लिउर्फा शहराजवळच्या गोबेक्ली तेपे या टेकडीवर क्लाउस श्मिट यांनी १९९५ मध्ये उत्खनन सुरू केले आणि हा क्रम डळमळला. तेथे इ.स.पू. ९५०० च्या सुमारापासून उभारलेली दगडी वर्तुळे निघाली. त्यांतले इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे खांब साडेपाच मीटरपर्यंत उंच असून त्यांवर कोल्हे, रानडुकरे, गिधाडे, साप आणि विंचू कोरलेले आहेत. हे खांब ज्यांनी उभे केले ते लोक शिकारी होते आणि धान्य गोळा करीत होते ते रानातलेच. पेरणीची शेती आणि पाळीव जनावरे यांचा तेथे पत्ता नव्हता.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. सुरुवातीला हे ठिकाण म्हणजे ‘जगातले पहिले मंदिर’, जेथे कोणी राहत नव्हते, असे सांगितले गेले. पुढच्या उत्खननांत मात्र तेथे घरांसारखी बांधकामे आणि पावसाचे पाणी साठवण्याची सोयही आढळली. म्हणजे राहणे आणि पूजणे या दोन गोष्टी तेव्हा आजच्यासारख्या वेगळ्या नव्हत्या. थोडे पुढे, इ.स.पू. ७१०० च्या सुमाराला वसलेल्या चातालह्योयूक या वस्तीतही लोक आपल्या मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत होते आणि भिंतीवर बैलांची शिंगे बसवत होते.

उसगाळीमळची कातळचित्रे किती जुनी आहेत?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि याच प्रश्नाला सर्वांत बेधडक उत्तरेही दिली जातात. गावातल्या लोकांना हे ठिकाण ठाऊक होते. १९९३ मध्ये त्यांनीच पुरातत्त्व खात्याच्या अभ्यासकांना ते दाखवले आणि नदीने आणलेल्या मातीचा थर काढल्यावर जांभ्या कातळाच्या सपाट पृष्ठावर शंभराहून अधिक आकृत्या दिसू लागल्या. वशिंड असलेले वळू, हरणे, गवे, मोर, माणसे, स्त्रीदेहाच्या आकृत्या आणि वर्तुळात वर्तुळ असलेले एक चक्र अशी ही मांडणी आहे.

काही अभ्यासक ही चित्रे मध्याश्मयुगातील किंवा त्याहूनही जुनी मानतात, तर काहींना ती नवाश्मयुग ते लोहयुग या काळातली वाटतात. हा मतभेद हजारो वर्षांचा आहे आणि तो होण्याचे कारण सरळ आहे. दफनातल्या हाडांचे किंवा चुलीतल्या कोळशाचे वय किरणोत्सारी कार्बनावरून काढता येते, पण उघड्या कातळात कोरलेल्या रेषेत कार्बन नसतो. मग शैली, हत्यारांच्या खुणा आणि चित्रांतले प्राणी यांवरून अंदाज बांधावा लागतो. वशिंडाच्या बैलाला कोरणाऱ्याने तो पाळीव म्हणून कोरला की रानातला म्हणून, एवढ्या एका मुद्द्यावर सारा काळ पुढेमागे सरकू शकतो. तेव्हा कोणी छातीठोकपणे एकच आकडा सांगितला, तर तो त्याने कशावरून काढला हे विचारावे. चित्रांचे मोल त्यामुळे कणभरही कमी होत नाही.

शिवाय उसगाळीमळ एकटे नाही. केपे तालुक्यातील काजूर येथे एका प्रचंड दगडावर प्राणी कोरलेले आहेत आणि लोक त्याला ‘दुधाफातर’ म्हणतात. सत्तरीतील माऊस येथे झर्मे नदीच्या पात्रातल्या काळ्या कातळावर वळू, पावले आणि त्रिशूळ आहेत. तिन्ही ठिकाणी कोरणाऱ्यांच्या मनात बैल आहे, आणि उसगाळीमळ व माऊस येथे तर पायाशीच पाणी वाहते आहे. गोव्यातल्या सर्वांत जुन्या श्रद्धेविषयी बोलायचे झाले, तर पाणी आणि जनावर या दोन गोष्टींपासूनच सुरुवात करावी लागेल.

तेथील चक्रासारखी आकृती भूमध्य समुद्राकडच्या चक्रव्यूहासारखी दिसते. म्हणजे तिकडचे लोक येथे आले होते का?

सारखे दिसणे म्हणजे एकमेकांकडून घेणे, असे मानण्याचा मोह फार मोठा आहे. ग्रीसमधील पायलॉस येथे सापडलेल्या, इ.स.पू. १२०० च्या सुमाराच्या एका मातीच्या पाटीच्या मागच्या बाजूला चक्रव्यूहाची आकृती आहे. पुढच्या बाजूला मात्र चक्क बकऱ्यांचा हिशेब आहे, म्हणजे बहुधा कारकुनाने वेळ घालवायला रेघोट्या ओढल्या असाव्यात. आपल्याकडे हळेबीडच्या होयसळ मंदिरावर महाभारतातला चक्रव्यूह जवळपास त्याच पद्धतीने कोरलेला आहे. पण वर्तुळात वर्तुळ काढणे ही हाताला सहज सुचणारी गोष्ट आहे, आणि केवळ रेषांच्या साम्यावरून गलबते, प्रवासी आणि धर्मगुरू उभे करता येत नाहीत. बाहेरची भांडी, नाणी, मणी किंवा लेख त्याच थरात सापडले, तरच संपर्काची गोष्ट बोलता येते, आणि उसगाळीमळच्या कातळावर तसे काही मिळालेले नाही.

पहिल्या नगरांत देवळाचे काम काय होते?

आजच्या इराकमध्ये, युफ्रेटिस आणि टायग्रिस नद्यांच्या खालच्या खोऱ्यात, इ.स.पू. चौथ्या सहस्रकात सुमेर देशातले उरुक हे नगर वाढले. तेथील इनान्ना देवीचे देऊळ म्हणजे पूजास्थान तर होतेच, शिवाय कोठार, पेढी, विणकरखाना आणि कचेरीही होते. देवळाच्या मालकीची शेते होती, मेंढ्यांचे कळप होते, आणि शेकडो माणसांना रोजचे जव व बिअर तेथूनच मोजून मिळत असे. एवढा व्यवहार तोंडी ठेवणे अशक्य झाले, तेव्हा मातीच्या ओल्या पाट्यांवर खुणा करण्याची रीत निघाली, इ.स.पू. ३३०० ते ३२०० च्या सुमाराच्या या पाट्यांतून पुढे कीलाकार लिपी घडली. लिहिण्याचा जन्म स्तोत्रासाठी झाला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सर्वांत जुन्या पाट्यांवर जव, मेंढ्या आणि मजुरीचेच आकडे भरले आहेत. स्तोत्रे नंतर आली, आणि ती आली तेव्हा मात्र थाटात आली : अक्कडचा राजा सारगॉन याची मुलगी एनहेदुअन्ना ही ऊर नगरातील चंद्रदेवाची प्रमुख पुजारीण होती आणि इ.स.पू. २३०० च्या सुमाराला तिच्या नावावर असलेल्या रचना हे नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या लेखकाचे जगातले सर्वांत जुने उदाहरण मानले जाते.

गोव्याच्या वाचकाला ही व्यवस्था फारशी परकी वाटू नये. आपल्या गावकरीत गावची जमीन गावकरांच्या सामाईक ताब्यात असे, बांधबंदिस्तीचा खर्च सामाईक उत्पन्नातून होई, आणि देवळाचा, भटाचा, देवळीचा, वाजंत्र्यांचा वाटा त्यातूनच निघे. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याने १५२६ मध्ये या रूढी लिहून काढल्या, तेव्हा त्या आधीच फार जुन्या झालेल्या होत्या. सुमेरचा आणि गावकरीचा काही थेट संबंध आहे असे येथे सुचवायचे नाही. पाणी अडवून पिकवायच्या जमिनीला सतत एकजुटीचे काम लागते, आणि त्या एकजुटीला साक्षीदार म्हणून देव लागतो. त्यामुळे दोन दूरच्या ठिकाणी सारखी व्यवस्था उभी राहू शकते.

सिंधू संस्कृतीचा धर्म कोणता होता?

हडप्पा, मोहेंजोदडो, धोलावीरा, लोथल ही नगरे इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात भरभराटीला आली, मेसोपोटेमियाशी व्यापार करू लागली आणि तेथल्या पाट्यांत ‘मेलुह्हा’ या नावाने नोंदली गेली. मेलुह्हाची भाषा जाणणारा शू-इलिशू नावाचा एक दुभाषी होता आणि त्याची मुद्रा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. एवढे असूनही त्या लोकांच्या देवांविषयी ठामपणे बोलता येत नाही, कारण त्यांची लिपी अजून वाचली गेलेली नाही आणि त्यांचे लेख सरासरी पाचेक चिन्हांचेच आहेत. निःसंशय देऊळ म्हणावी अशी एकही इमारत सापडलेली नाही. मोहेंजोदडोचे सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल असे स्नानकुंड पाहिले, की आपल्याला लगेच देवळापुढची तळी आठवते. ती आठवण खरी असेलही, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे.

‘पशुपती’ मुद्रेचेही तेच. आसन घालून बसलेली, शिंगांचा मुकुट घातलेली आणि हत्ती, वाघ, गेंडा, म्हैस यांनी वेढलेली ती आकृती म्हणजे शिवाचे आद्य रूप, असे जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये मांडले. पुढे काहींनी तिच्यात महिषदेव पाहिला, तर काहींनी स्त्रीदेवता. मुद्रा एकच, आणि पाहणारा जो देव मनात घेऊन येतो तोच त्याला तीत दिसतो.

वैदिक देवांचा उल्लेख भारताबाहेर आढळतो हे खरे आहे का?

होय, आणि तोही दस्तऐवजात. तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे, म्हणजे हित्ती लोकांच्या हत्तुशा या राजधानीच्या अवशेषांत, इ.स.पू. चौदाव्या शतकातला एक तह सापडला आहे. हित्ती राजा शुप्पिलुलिउमा आणि मितान्नीचा राजपुत्र शत्तिवाझा यांच्यातल्या या तहाला साक्षी म्हणून अनेक स्थानिक देवांबरोबर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे घेतली आहेत. त्याच ठिकाणी मिळालेल्या घोडे शिकवण्याच्या एका ग्रंथात ‘ऐक’, ‘तेर’, ‘पंझ’, ‘सत्त’, ‘ना’ असे एक, तीन, पाच, सात, नऊ हे अंक येतात. इराणी परंपरेच्या अवेस्तेत सोमाला ‘हओम’ आणि सप्तसिंधूला ‘हप्त हेंदु’ म्हटले आहे; तेथे अहुर पूज्य आणि दएव त्याज्य, तर आपल्याकडे पुढे देव पूज्य आणि असुर त्याज्य ठरले. एकाच बोलीचे आणि एकाच विधीचे दोन भाऊ वेगळे निघाले आणि जाताना देवांची वाटणी उलटी करून गेले, असेच म्हणावे लागते.

सातेरी ही वैदिक काळाच्या आधीची देवी आहे का?

गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या वाचकांचा हा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, म्हणून येथे थोडे थांबायला हरकत नाही. सातेरी किंवा सांतेर म्हणजे वारुळाच्या रूपातली भूमी. कोकणीत वारुळाला ‘रोयण’ म्हणतात, आणि काही मंदिरांच्या गर्भगृहात आजही मूर्तीच्या जागी किंवा मूर्तीच्या मागे रोयणच आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला की वारुळातून पंखांचे किडे बाहेर पडतात, आतल्या पोकळीत नाग राहतो, आणि कोणी न घालता मातीतून माती वर येते. ज्या शेतकऱ्याचे सारे वर्ष पेरलेले उगवण्यावर अवलंबून आहे, त्याला यापेक्षा जिवंत भूमी कोठे दिसणार?

या पूजेचा आरंभ ठरावीक साली झाला असे दाखवणारा कोरीव लेख नाही. पण मातीच्या देवीची पूजा दख्खनेत किती मागे जाते याची एक चांगली साक्ष पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे मिळते. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत ठेवलेली, न भाजलेल्या मातीची एक बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि तिच्याबरोबर बैल सापडला. मूर्ती तीन हजार वर्षांहून जुनी आहे. देवळाशिवाय, पुजाऱ्याशिवाय, घरातल्याच माणसाने आपल्या उंबऱ्याच्या आत पुरून ठेवलेली ही देवी आणि पुढच्या काळात सर्वत्र आढळणाऱ्या शिररहित मातृदेवता यांचे नाते अनेक अभ्यासकांनी जोडले आहे.

आता ‘वैदिक की वैदिकपूर्व’ असा दोन खणांचा कप्पा करण्यात अडचण काय आहे ती पाहा. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात प्रवर्ग्य नावाच्या यज्ञविधीसाठी ‘महावीर’ नावाचे मातीचे भांडे घडवायचे असते, आणि त्याच्या मातीत वारुळाची माती मिसळायला सांगितले आहे. म्हणजे यज्ञ करणाऱ्यांनाही वारुळाची माती पवित्र वाटत होती; ती श्रद्धा त्यांनी आणली की येथल्या लोकांकडून घेतली, हा प्रश्न वेगळा. दुसरीकडून पाहिले, तर गावोगावची सातेरी पुढे शांतादुर्गा झाली, शिव आणि विष्णू यांचे युद्ध शांत करणारी पुराणातली देवी म्हणून तिची कथा सांगितली जाऊ लागली, तिला मुखवटा आला, पालखी आली, संस्कृत स्तोत्र आले. तरीही रोयण गेली नाही. जुने काढून नवे बसवले असे येथे घडलेले नसून जुन्यावर नव्याचा थर चढला आहे, आणि धालोच्या (बायकांच्या नाचगाण्याच्या) मांडावर जमलेल्या बायकांना विचारले तर त्यांना या दोन थरांत भांडण असल्याचे कधी जाणवलेलेही नसते. वेताळाचेही तसेच : लोलये येथे उघड्यावर उभा असलेला वेताळ कोणत्या पुराणात बसतो याची चिंता गावाने केलेली नाही.

मग धर्म एका ठिकाणाहून दुसरीकडे पसरतो कसा?

या साऱ्या प्रश्नांच्या मुळाशी माझ्या मते एकच भेद आहे, तो जागेवरच्या देवाचा आणि प्रवासी देवाचा. मूर्ती पालखीत घालून नदीपार नेता येते. रोयण नेता येत नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतली देवळे पोर्तुगीजांनी मोडली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली आणि आजचा अंत्रुज महाल (फोंडा) देवळांनी भरला. जी कुळे आपले दैवत घेऊन निघाली त्यांचा धर्म तगून राहिला, कारण कुलदेवता कुळाची असते. ग्रामदेवता मात्र मातीची असते आणि तिचे अधिकारक्षेत्र गावच्या शिवेवर संपते. कौल लावताना ‘या गावची’ म्हणून तिला हाक मारतात ती उगीच नाही.

प्राचीन जगात बहुतेक देव असेच जागेवरचे होते. बॅबिलोनचा मर्दुक म्हणजे बॅबिलोन. त्याची मूर्ती आधी हित्तींनी आणि पुढे एलामी लोकांनी पळवून नेली, तेव्हा नगरच पोरके झाल्याची भावना तेथे पसरली, आणि मूर्ती परत आणणारा राजा तारणहार ठरला. यरुशलेमचे मंदिर इ.स.पू. ५८६ च्या सुमाराला नबुखद्नेझर याने पाडले आणि तेथल्या लोकांना बॅबिलोनला नेले, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांचा देवही संपायला हवा होता. घडले ते उलटेच. देऊळ नाही, बळी देता येत नाही, तर नियम पाळता येतात, कथा लिहून ठेवता येतात, ठरलेल्या दिवशी एकत्र जमता येते, अशी वाट त्यांनी काढली, आणि देव जागेतून निघून ग्रंथात राहायला आला. पुढे जगभर विखुरल्यावरही तो धर्म टिकला तो याच वळणामुळे.

बुद्धाच्या धम्माने हे काम निराळ्या रीतीने केले. त्याला ना विशिष्ट नदी हवी होती, ना विशिष्ट जात. हवा होता तो भिक्षूंचा संघ आणि पावसाळ्यात राहायला छप्पर. व्यापाराच्या वाटा आणि विहार यांची जोडी त्यामुळे जमली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवन (ग्रीक वा पश्चिमेकडच्या परदेशी) दात्यांची नावे आहेत. घाटमाथ्यावरून बंदराकडे जाणारा माल ज्या वाटेने जाई त्याच वाटेवर लेणी आहेत. ही देवाणघेवाण एकाच दिशेने नव्हती. तक्षशिलेहून अंतलिकित या ग्रीक राजाचा दूत म्हणून विदिशेला आलेल्या हेलिओदोरस नावाच्या ग्रीकाने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तेथे वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि स्वतःला भागवत म्हणवले.

समुद्रापलीकडचे एक उदाहरण तर फारच बोलके आहे. बोर्निओ बेटावरील कुताई येथे इ.स. ४०० च्या सुमाराचे सात दगडी यूप, म्हणजे यज्ञस्तंभ, मिळाले असून त्यांवर मूलवर्मन या राजाच्या यज्ञांची आणि दानांची संस्कृत नोंद आहे. मुलाचे नाव मूलवर्मन, बापाचे अश्ववर्मन, आणि आजोबाचे कुंडुंग! आजोबाच्या नावात संस्कृताचा लवलेश नाही. कोणी फौज घेऊन तेथे उतरले नव्हते. स्थानिक राजघराण्यानेच दोन पिढ्यांत मोसमी वाऱ्यावर आलेला नवा दिमाख अंगीकारला.

गोव्यात बौद्ध आणि जैन धर्म होते का?

होते. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात भोजांचा उल्लेख येतो आणि महावंस या श्रीलंकेच्या पाली ग्रंथात अपरांताकडे (कोकणाकडे) योनक धम्मरक्खिताला, तर वनवासीकडे (आजच्या कर्नाटकातील बनवासीकडे) रक्खिताला पाठवल्याचे सांगितले आहे. गोवा या दोन्ही प्रदेशांच्या सांध्यावर आहे. बारदेशात कोलवाळजवळ मुशीर येथे फादर हेरास यांना मिळालेली बुद्धमूर्ती मुंबईच्या हेरास संस्थेच्या संग्रहात आहे. रिवण, लामगाव येथील गुंफांचा संबंध बौद्ध भिक्षूंशी जोडला जातो, मात्र हरवळ्याच्या लेण्यात आज शिवलिंगे आहेत. लोकांच्या तोंडी या सगळ्याच गुंफा पांडवांच्या, कारण वनवासातले पांडव जिथे गेले नाहीत असा डोंगर आपल्याकडे नाही. जैनांच्या बसदींचे (मंदिरांचे) अवशेष कुडणे आणि बांदिवडे येथे पाहता येतात.

गोव्यातले सर्वांत जुने राजघराणे म्हणून ज्यांचा ताम्रपट आहे ते भोज. शिरोडा येथे मिळालेला देवराज भोजाचा चौथ्या शतकाच्या सुमाराचा ताम्रपट चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदरहून, दिलेला आहे. अशोकाचे भोज आणि चांदरचे भोज यांच्यात सहाशेहून अधिक वर्षांचे अंतर असल्याने ‘तेच घराणे’ असे म्हणण्याची घाई करू नये.

परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला, या कथेत काही तथ्य आहे का?

स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडातली ही कथा भूगर्भशास्त्र म्हणून वाचली तर हाती काही लागणार नाही. महाराष्ट्राकडच्या सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे, आणि शेवटचे हिमयुग संपल्यावर जगभर समुद्र मागे न हटता सुमारे १२० मीटर वर चढला आहे. पण समुद्राकडून जमीन मिळवण्याचा अनुभव मात्र येथल्या माणसाचा स्वतःचा आहे. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, मानसीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी ते हवे तेव्हा आत-बाहेर सोडायचे आणि त्या खाजनात भात पिकवायचे, हे काम गोव्यात दीड हजार वर्षांपासून चालू आहे. बांदिवडे येथे मिळालेल्या, सहाव्या शतकाच्या सुमाराच्या अनिर्जितवर्मन मौर्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द आलेला आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभे राहून समुद्र हातभर हातभर मागे सारला, त्यांची नावे राहिली नाहीत. बाणाची कथा राहिली, आणि ती सांगणाऱ्यांचा जमिनीवरचा हक्कही तिच्यासोबत सांगितला गेला, हेही विसरू नये.

साऱ्या संस्कृती एकाच मुळातून निघाल्या का?

नाही. पेरूमधील कराल येथे इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात मोठे चौथरे आणि वर्तुळाकार चौक बांधले गेले, तेव्हा तेथल्या लोकांना मिसरच्या पिरॅमिडांची वार्ताही असणे शक्य नव्हते. चीनमध्ये अनयांग येथे शांग राजे इ.स.पू. १२५० च्या सुमाराला जनावरांच्या हाडांना आणि कासवाच्या कवचाला चटका देऊन, पडलेल्या तड्यांतून पूर्वजांचे उत्तर वाचत आणि विचारलेला प्रश्न त्यांवर कोरून ठेवत असत. आपल्या कौलाची आठवण व्हावी इतके हे जवळचे, आणि तरीही पूर्णपणे स्वतंत्र.

उसगाळीमळ पाहायला केव्हा जावे आणि काय टाळावे?

पावसाळ्यात कुशावती चढली की कातळ पाण्याखाली जातो आणि मागे गाळ राहतो, म्हणून नोव्हेंबरनंतर जावे. चित्रांवरून चालताना पादत्राणे काढावीत. फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू भरण्याची एक वाईट सवय पाहुण्यांना लागली आहे, ती कटाक्षाने टाळावी, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि घासताना रेषेची धारच बोथट होते. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात फारसे काही दिसत नाही. सकाळी सूर्य झाडांच्या वर येऊन प्रकाश कातळावर तिरका पडला, की खाचांत सावली भरते आणि वळूचे वशिंड, शिंगे, पाठीचा बाक आपोआप वर येतो.